चौतिसाव्या दगडापाशी

द्वारकाच्या वहीत तीन रकाने आहेत:
वाट, सावली, ट्रक.
सत्तावीस वर्षं पाचोरा डेपोत तिकिटं फाडली,
अजून रेघा वे-बिलासारख्याच मारते.
तिसऱ्या रकान्यात शून्य पडलं
की पेनाला टोपण लावते, म्हणते, चल.

हायवे आम्ही सकाळीच सोडला.
चौपदरी झाला तेव्हा कडुनिंब गेले,
आता तिथून सगळंच लवकर येतं
आणि काहीच दिसत नाही.

टपरीवर विचारलं,
गाडी जात नाही असा रस्ता कुठला?
सुपडूबाबांनी बिडी विझवली.
आमच्या सायकलींकडं पाहिलं, मग पिकल्या केसांकडं,
मग उगाच आभाळाकडं.
"मंग तो रस्ता कसाना?"
तरी हातानं दाखवला:
बांधावरनं, हिवराला वळसा घालून,
वर पाटावर.

पाटाच्या कडेची मुरमाची वाट
पाटकऱ्याच्या मोटारसायकलीपुरती रुंद.
दर किलोमीटरला दगड आहे,
पण त्यावर गावाचं नाव नाही.
धरणातून निघालेलं पाणी किती चाललं
एवढंच तो सांगतो.
सत्तावीस. अठ्ठावीस.
आपण कुठं पोचलो ते ज्याचं त्यानं बघावं.

आवर्तन सुटलेलं.
डाव्या हाताला गिरणेचं गढूळ पाणी
जवळजवळ आमच्याच वेगानं,
कधी केळीचं एखादं पान घेऊन पुढं,
कधी चारीच्या दारापाशी घुटमळत मागं.
उजवीकडं खाली दादर पोटऱ्यात आलेली,
कपाशीची दुसरी वेचणी,
ओच्यात पांढरं धरून बायका उभ्या.
"कसाना प्रचार शे वं?" एकीनं ओरडून विचारलं.
कशाचाच नाही, म्हणाले.
त्या हसल्या त्या
पुढच्या दगडापर्यंत ऐकू येत होत्या.

एकोणतीसला बाभळीचा काटा.
ट्यूब पाटात बुडवली, बुडबुड्यांवर बोट ठेवलं.
मग कळण्याची भाकर, लसणाची चटणी,
हात पँटला पुसले.
खंड्या पाण्यात पडला, उठला.
फ्रीव्हील आपोआप दोनदा टिकटिकलं.
सबंध दिवसात एक हॉर्न नाही गं, मी म्हटलं.
थांब, लिहिते, म्हणाली.

चौतीसला एक पोरगी उभी.
निळा ड्रेस, शाळेतून मिळालेली सायकल,
एक पाय पॅडलवर, एक मुरमात.
पंक्चर?
नाही.
चेन पडली?
नाही.
मग?
"बाई येते का कुणी, ते बघत होते.
इथून पुढं दोन किलोमीटर
कुणीच नसतं."

कुणीच नसतं.
हेच तर आम्ही नकाशावर बोट फिरवत
महिनाभर शोधत होतो.

योगिनी तिचं नाव. नववी.
आधी तिघी जायच्या.
एक मामाकडं गेली, एकीचं शाळेचंच राहिलं.
एसटी? ती बंदच आहे ना.
द्वारकानं ब्रेक दाबला, उगाचच.
त्या फेरीला तिनं कधीतरी डबल बेल दिली असेल,
मी विचारलं नाही.

मग तिघी.
पोरगी मधे, न सांगता.
अर्ध्या वाटेत ती गाणं गुणगुणायला लागली,
सायकल जराशी डुगडुगवत,
आणि आपलं लक्षात येताच थांबली.
म्हण की, द्वारका म्हणाली.
उंबरापाशी गावाचे पहिले पत्रे दिसले
तेव्हा पोरगी सुसाट निघाली,
मागं न बघता, घंटी वाजवत.
तिची वाट संपली होती.

रात्री मारुतीच्या पारावर, दिव्याखाली, वही.
वाट: पाटाची. सावली: बरी.
ट्रक: शून्य.
टोपण लावायचं सोडून
तिनं पट्टी न घेता चौथी रेघ ओढली,
थोडी तिरकी गेली.
वर नाव काय द्यावं ते सुचेना दोघींनाही.
शेवटी मोकळ्या रकान्यात
तिनं वेळ लिहिली फक्त,
सुटायची असते तशी:
पाच वाजून दहा.