फेब्रुवारीतल्या जागा

नियम सोपा आहे.
दर तीनशे चौरस फुटांमागे एक गाडी.
बेचाळीस हजार भागिले तीनशे, एकशे चाळीस.
मी नऊ बाय अठराचे चौकोन आखत गेले
पार शेवटच्या दिव्याच्या खांबापर्यंत.

बैठकीला आर्विड स्कोगलुंड आला,
मिनेसोटाचे तीस हिवाळे नांगरानं ढकललेला माणूस.
नकाशा त्यानं उलटा धरला आणि तसाच वाचला.
म्हणाला, हे जुलैचं झालं.
फेब्रुवारीत मी बर्फ कुठे टाकू?
तुझ्या एकशे चाळीसातल्या एकवीस
माझ्या ढिगाखाली जातील.
बर्फाला गाडी नसते, बाई,
पण पार्किंग लागतं.
आणि एकदा बसला
की एप्रिलच्या आधी उठत नाही.

होडान फाराहनं तळमजल्याचे दोन गाळे घेतलेत,
एकात कापड, एकात चहा.
तिनं कोष्टकावरून बोट फिरवलं, वरून खाली,
आणि विचारलं,
यात शुक्रवार कुठंय?

शुक्रवार नव्हता.
सात दिवसांची सरासरी होती,
आणि सरासरीत कुणी नमाजाला जात नाही,
कुणाच्या लग्नाचा बस्ता बांधत नाही,
एका गाडीतून नऊ जण उतरत नाहीत.

म्हणून शुक्रवारी मशिदीच्या वाहनतळावर
गाडीत बसून मोजत राहिले.
उणे एकोणीस. काच आतून गोठायची,
मी नखानं रुपयाएवढं भोक खरवडायचे
आणि त्यातून गाव बघायचे.
साडेबाराला त्र्याण्णव.
एकला एकशे सव्वीस.
रेषा बर्फाखाली गेलेल्या, त्यामुळे
लोकच एकमेकांच्या रेषा झाले होते,
हात हलवत, ये, ये, अजून, बास.

एका हिरव्या व्हॅननं म्हातारीला दारात सोडलं
आणि ती जागा शोधत फिरू लागली.
पहिल्या फेरीला मी एक लिहिलं.
दुसऱ्या फेरीला थांबले. फेऱ्यांसाठी
माझ्या तक्त्यात खूण नव्हती.
तिसऱ्या फेरीला तो पोरगा माझ्याकडे बघत गेला,
रागानं नाही, नुसता,
जसं बंद दुकानाकडे बघतात.

तेव्हा कळलं.
इंजिन सुरू केलं. बाहेर पडले.
आरशात हिरवी व्हॅन आत वळताना दिसली.

अहवालात एवढंच आहे:
शुक्रवारची मोजणी सव्वा वाजता थांबवली.
कारण, जागा नव्हती.