सतरा नंबरचा पाना

सान हुलियानहून पहाटे चारला निघालो,
मी आणि एवारिस्तो. गाडी त्याची, पेट्रोल माझं,
उजव्या दाराची काच सुतळीने बांधलेली.
चारशे तीस किलोमीटर. मध्ये गाव म्हणावं असं
काही नाही. वारा आहे, तो सगळीकडेच राहतो.

मी लोकरीच्या गोदामात प्रतवारी करते.
धागा ताणला की बोटांना कळतं
ही मेंढी कुठल्या महिन्यात उपाशी होती.
त्याच बोटांनी तिकीट चाचपत होते,
आहे ना, आहे,
पुन्हा, आहे ना.
एकवीस वर्षं ऐकतेय मी 'तिनाहा रोता',
कॅसेटवर, सीडीवर, मग लेकाने टाकून दिलेल्या फोनवर.
समोर बसून एकदाही नाही. इतक्या दक्षिणेला कोण येतंय?
त्यांचा नकाशा आमच्या अलीकडेच घडी घालतो.

एवारिस्तोला डाव्या कानाने ऐकू येत नाही.
"मग तू कशाला येतोस?"
"निम्मं ऐकीन," म्हणाला.
तिकीट मात्र पुरतं काढलं.

रस्त्याकडेला लाल निशाणांचं देऊळ लागलं
की हॉर्न वाजवायचा, नाहीतर वाट वाकडी होते.
आम्ही वाजवला. तरी.
म्हणजे वाट आमची नाही, त्यांची वाकडी झाली:
त्रेस सेरोसच्या पंपावर एक पांढरी व्हॅन,
एक चाक बसलेलं, आणि तीन माणसं त्या चाकाकडे
आजारी नातेवाइकाकडे बघावं तशी बघत उभी.

"बाई, पाना आहे का हो?"

आवाज नाही ओळखला, तो कधी गातच नाही.
हात ओळखले. दुसऱ्या अल्बमच्या पाठीवर आहेत ते,
अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं.
फाउस्तीनो. पायात सपाता, नाक गळतंय.
दोन गाण्यांमध्ये तो किती श्वास थांबतो
हे मला पाठ. काय काय बोलायचं होतं,
एकवीस वर्षं घोकून ठेवलेलं.
मी म्हणाले, "सतरा नंबरचा आहे."
"चालेल," तो म्हणाला.

चाललाही. हात पुसले, हात हलवला, धुरळा उडवत गेले.
वीस किलोमीटरनंतर एवारिस्तो म्हणाला,
"पाना?"

कोमोदोरोच्या बंदरावरच्या शेडमध्ये
सव्वा तास उशीर. लोक शिट्ट्या मारतायत,
शिव्या घालतायत, कुणी म्हणतंय माजलेत,
आणि त्या तीन हजारांत
मला एकटीलाच माहीत, का.
असं काही पोटात घेऊन उभं राहणं
मला त्याआधी दोनदाच जमलं होतं,
दोन्ही वेळा बाळंतपणाआधी.

मग बास सुरू झाला. पायांतून आला आधी,
सिमेंटमधून वर, गुडघ्यांपाशी थोडा घोटाळला.
एवारिस्तोने चांगला कान मंचाकडे केला,
म्हणजे बहिरा कान माझ्याकडे.
आणि मी गायले. बेसूर, घसा फाडून,
कोरसही, गिटारचे तुकडेही, सगळं.
माझ्या नवऱ्याने सोळा वर्षांत "हळू" म्हटलं नाही
असा एक दिवस नाही.
एवारिस्तो पुढे बघत राहिला.
तिसऱ्या गाण्याला फाउस्तीनोचा एक सूर निसटला,
तो नाक पुसत हसला. सर्दी. मला माहीत होतं.

परत निघालो. कालेता ओलिव्हिया मागे पडलं,
पहाटेचे तीन, आणि मागचं चाक फुटलं.

किती हसलो. वारा दार उघडू देईना, म्हणून आतच बसून हसलो.
थर्मासमध्ये तळाशी कोमट पाणी, येर्बा फिकी पडलेली,
नळी आळीपाळीने ओढत राहिलो.
कुंपणापलीकडे ग्वानाको उभे, चोरासारखे गप्प.

उजाडता उजाडता एक ट्रक थांबला. मासळीचा वास.
"कितीचा पाना?"
"सतरा."
"सतराचा नाही? या रस्त्यावर? तुमचा कुठाय?"
"आमचा," एवारिस्तो म्हणाला, "दौऱ्यावर गेलाय."
ड्रायव्हर हसला नाही.
अर्धं वाक्य वाऱ्याने नेलं असणार.