हनुवटी जरा वर

दर चार वर्षांनी, हिवाळा सरता सरता,
माझ्या स्टुडिओची फरशी चिखलाने भरते.
उमेदवार येतात. मागे निळा पडदा हवा म्हणतात.
निळा एकच आहे, कास्त्रोच्या बाजारातून आणलेला.
इथे चिलोएत सगळ्यालाच ओल धरते,
त्याला डाव्या कोपऱ्यात धरली आहे,
म्हणून सगळ्यांना जरा उजवीकडे उभं करतो,
डावे असोत की नसोत.

कॅमेरा लावताना विचारतो : का उभे राहताय?
उत्तराशी मला घेणंदेणं नाही.
पण विचारलं की माणूस क्षणभर आत वळून बघतो
आणि तेवढ्यापुरते डोळे फोटोजोगे होतात.
तेव्हा बटण दाबायचं.

एराल्दो बाआमोंदे म्हणाला, सेवा.
म्हणताना हात आपोआप छातीशी गेला, अंगठीसकट.
तीनदा निवडून आलाय, आत बघायला त्याला वेळ लागत नाही,
आत फारसं सामान नसावं.
निबाल्दो, बेकरीवाल्याचा मुलगा, तेवीस वर्षांचा,
म्हणाला, बाबा दोनदा पडले.
गावात आमच्या पावाला अजून पडका पाव म्हणतात.
त्याचा फोटो उत्तम आला.

मग एदेल्मिरा नाउएल्किन.
शिंपल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
उभं राहायची सवय आहे, म्हणाली,
तिथे खुर्च्या नसतातच.
का, विचारलं तर : धक्क्यावरचा दिवा.
खरं होतं. दोन वर्षं दिवा बंद,
समोरच्या बेटावरून शेवटची होडी येते ती अंधारातच,
गेल्या जूनमध्ये त्रान्सितो म्हातारा शेवाळावरून घसरला
आणि मांडी मोडून बसला.
सगळं खरं, तारीखवार.
पण डोळे पाठ केलेले.
मी म्हटलं, हनुवटी जरा वर. काढला. झालं.

लोकरी कोटाची बटणं लावता लावता, दाराशी,
माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली,
दिव्याबद्दल बोलायला सभेत गेले ना,
तर तिथल्या कारकुनाने विचारलं, पूर्ण नाव?
आणि लिहिलं. दोन्ही आडनावं.
मग मी बोलले तेही लिहिलं, पुढे आकडा घातला.
मुद्दा क्रमांक सात.
घरी त्यालाच आजवर कटकट म्हणत होते.

कॅमेरा टेबलावर होता. झाकण लावलेलं.

मतदानाला आठवडा उरला असताना एराल्दोने दिवा बसवून घेतला,
स्वतःच्या खर्चाने, बँड बोलावून.
आता हिचं काय काम उरलं, बाजारात लोक म्हणाले.
नवऱ्यानेही म्हणे जेवताना तेच विचारलं,
आणि मीठ मागितलं.

कारण काढून घेतलं, तरी ही उभीच.
रोज संध्याकाळी त्याच दिव्याखाली,
त्याच्याच उजेडात आपली पत्रकं वाटत.
पत्रकावर माझा तो फोटो, पाठ केलेल्या डोळ्यांचा.
खाली नाव, दोन्ही आडनावांसकट,
त्याला मात्र सगळ्यात मोठा टाइप.

मला लाज वाटली. म्हटलं, पुन्हा या, पैसे नकोत,
या वेळी नीट काढतो.
ती म्हणाली, राहू द्या, छापून झालंय आता.
मग होडीची वाट बघता बघता,
भिजलेली पत्रकं एकमेकांपासून सोडवत :
आणि तुम्ही का काढता फोटो, इतकी वर्षं?

मी काहीतरी म्हणालो. सेवा नाही म्हणालो, एवढं आठवतं.
बरं झालं, तिच्या हातात कॅमेरा नव्हता.