उमेदवारी

कार्डावर माझं नाव, मॅरेड, खाली बारीक अक्षरांत: शिकाऊ.
फोटोत डोळे मिटलेले.
राहू दे, डेलिथ म्हणाली,
पहिल्या महिन्यात सगळ्यांचे मिटलेलेच असतात.

चार दिवस काम, शुक्रवारी कार्मार्थनला कॉलेज.
कॉलेजात पूल म्हणजे पडद्यावरच्या निळ्या पट्ट्या,
एकीचं शेपूट सुटलं की दुसरीचं डोकं वर.
इथे पूल म्हणजे दोन दगडी कमानी, एकीला भेग,
आणि पलीकडे राहणाऱ्या बेननबाई,
ज्यांना एवढंच हवं असतं: कधी?

याआधी सहा वर्षं मी सुपरमार्केटच्या गल्ल्यावर.
रांग कुठे तुंबणार, ते मला पाठीनं कळायचं.
मुलाखतीत हे सांगितलं तेव्हा
समोरच्या तिघांत एकटीनंच ते टिपून घेतलं.
ती डेलिथ.

रविवारी जेवताना बाबा विचारतात,
पण तू नक्की करतेस काय?
दगड गेथिन बसवतो. चुना त्याचा भाचा कालवतो.
परांजी भाड्याची, नदी कुणाचीच नाही.
मी विचारत हिंडते, बाबा.
कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत,
आणि लोक जे बोलून विसरतात
ते लिहून त्यांनाच परत पाठवते.
बाबा बटाटे पुढे सरकवतात.
याचे पैसे देतात?

जूनमध्ये गेथिननं भेगेत टॉर्च मारला
आणि हळूच मागे सरला,
कुणाच्या घरात चुकून शिरल्यासारखा.
आत वटवाघळं. माद्या, पोटाशी पिल्लं,
शेंगदाण्याएवढाल्या.
कायदा स्पष्ट: पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही.
पंप बंद झाला
तेव्हा कळलं, पाण्यालाही आवाज होता.

त्या रात्री जोखमींची यादी उघडली.
सतरावी ओळ. वटवाघळं. शक्यता: कमी.
दुसऱ्या आठवड्यात मीच लिहिलेली,
कसल्याशा जुन्या यादीतून उचलून, चहा पिता पिता.
कमीचं मध्यम करायला किती वेळ लागतो?
कर्सर लुकलुकत राहिला.
कुणाला कळलंही नसतं.

सकाळी डेलिथला सांगितलं, हेही आणि ते बदलावंसं वाटलं तेही.
खोडू नकोस, ती म्हणाली. खाली आजची तारीख घाल
आणि आज काय कळलं ते लिही.
मी म्हटलं, मला उमेद होती, आत काही नसेल.
ती म्हणाली, उमेद असावीच,
पण ती कुठल्या रकान्यात बसत नाही.

मग बेननबाईंकडे. फोन नको, जाऊन सांग.
अकरा मैलांचा वळसा घालून गेले,
त्यांना रोज पडतो तोच.
दारातच सांगितलं: सप्टेंबर. आधी नाही.
त्या रागावतील म्हणून चार वाक्यं पाठ केली होती,
चारही घशात राहिली.
वटवाघळं होय, त्या म्हणाल्या,
मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून आहेत ती तिथे.
तुम्ही कुणी विचारलंच नाही.

मी. जिचं कामच विचारत हिंडणं.
बैठका अकरा, सह्या चाळीस,
आणि पुलावरून रोज दूध नेणारी एक बाई
कोणत्याच यादीत नव्हती.

संध्याकाळी पुलाखाली मोजणी.
हातात टिकटिक करणारं यंत्र,
आभाळ अजून पुरतं विझलेलं नाही,
आणि भेगेतून एकेक काळी चिंधी सुटते, वळते, नाहीशी होते.
त्रेचाळीस. नंतर बराच वेळ काही नाही.
नंतर एक, उशिरा आलेली, चव्वेचाळीस.

नव्या आराखड्यात तेरा आठवड्यांची पट्टी टाकली.
काम: थांबणे.
जबाबदार कोण, या रकान्यात
मी लिहिलं: वटवाघळं.

डेलिथनं आजवर माझं काही खोडलं नव्हतं.
ते खोडलं.
तिथे माझं नाव लिहिलं,
आणि किटली लावायला गेली.