गुरुवारची पिशवी

पिशवी फिलोमिनाबाईंनी शिवली,
परकराच्या उरलेल्या जांभळ्या कापडाची,
तोंड एवढं अरुंद की एकच मूठ आत जावी.
नियम जुना आहे:
प्रत्येकानं मूठ मिटून घालायची, उघडून काढायची.
ज्याच्याकडं काही नाही, त्यानंही.

जालन्याच्या या टोकाला, देवळामागच्या खोलीत,
नळाला पाणी यायच्या आधी
आम्ही नऊ जण.
जपमाळेचा शेवटचा मणी सरतो न सरतो
तोच अगस्तीनभाऊ विचारतात, "कोण कोणाकडं गेलतं?"
रोलिंग मिलमधून थेट आलेले,
भुवयांवर लोखंडाची बारीक राख.
मग सांगतो आम्ही, दोघं-दोघं जाऊन आलेले:
चंदनझिऱ्याच्या म्हातारीचं औषध संपलंय,
वीटभट्टीवरल्या लेकरांना वह्या पाहिजेत,
मार्कुसतात्यांना काहीच नको,
फक्त समोर बसून कुणी तंबाखू मळावी.
पास्कल म्हणतो, "मळली की. तासभर."
तेही मी लिहून घेते.

मी चिटणीस, कारण माझं अक्षर बरं
आणि मोजायची सवय.
दिवसभर बियाणं कंपनीत ओल्या कागदावर
बाजरीचे शंभर-शंभर दाणे मांडते,
सातव्या दिवशी कोंब मोजते.
एक्क्याऐंशी. सत्त्याहत्तर.
न उगवलेलेही लिहावे लागतात,
त्यांचा वेगळा रकाना असतो.

तर त्या गुरुवारी
मागल्या आठवड्याचे दोनशे दहा पिशवीतच राहिलेले.
चूक माझी. रिकामी करूनच फिरवायची असते.
नऊ हातांतून पिशवी फिरली,
मी उलटी केली, मोजले.
पुन्हा मोजले.
एकशे चाळीस.

पंखा तेवढा बोलत होता.
फिलोमिनाबाई शिवण तपासू लागल्या,
जणू नोटा टाक्यांतून गळाल्या असतील.
आपली शिवण कशी असते, त्यांना ठाऊक होतं.

पिशवीच्या तोंडाशी एक सेफ्टी पिन आहे.
हात आत जाताना गप्प,
बाहेर येताना ओरबाडते.
रविवारी मिस्सेत, शांतीची खूण करायला
सगळे हात जोडून एकमेकांकडं वळले
आणि मी, देवा क्षमा कर,
पंजांच्या पाठी वाचत होते.
रेबेकाच्या मनगटाजवळ लाल रेघ.
जीव खाली बसला माझा.
रेबेका, जी दर शनिवारी
दुसऱ्यांच्या चुलीपर्यंत पीठ पोचवते,
जिचा नवरा नाताळपासून घरीच आहे,
आणि जिच्या दारात आम्ही कधी
दोघं-दोघं गेलो नाही,
कारण ती आमच्यातलीच.

मग दिसली पास्कलच्या हातावर.
अगस्तीनभाऊंच्या, जुन्या भाजल्या डागाशेजारी.
फिलोमिनाबाईंच्या तर दोन.
मी माझे हात खाली घेतले.
माझ्याही होती.

पुढल्या गुरुवारी वही उघडली.
धर्मप्रांताच्या कचेरीतून तपासायला येतात,
त्यांना प्रत्येक रुपयामागं नाव लागतं.
नावाच्या रकान्यात लिहिलं: एक घर.
कारण: गरज होती.
रकमेपाशी पेन थांबलं.
त्या दिवशी कुणी किती घातले, कुणालाच माहीत नाही,
म्हणजे किती गेले तेही.
अगस्तीनभाऊ म्हणाले, "जागा सोडा, बाई. भरंल कधी तरी."
रेबेकानं चहा केला. साखर जास्त पडली होती.
कुणी बोललं नाही.

आता पिशवी आधी रिकामी करायचं
मी दर गुरुवारी विसरते.
बाकीचे आठ जण आठवण देत नाहीत.
कधी भरपूर निघतात, कधी थोडे.
मी एकदाच मोजते.