आलेलं, दिलेलं

वही साधीच आहे, शंभर पानी, मागे पाढे.
डावीकडे आलेलं, उजवीकडे दिलेलं,
मधल्या रेघेवरून चालते आहे मी
एकतीस वर्षं, लष्करातल्या या तीन खोल्यांत.

सरबताचा सेट: खेरांकडून, मुंजीत.
तो गेला चितळ्यांच्या साखरपुड्याला
आणि परत आला डोहाळजेवणात, भलत्याच हातानं.
खोक्याच्या तळाशी माझा पेन्सिलीचा ठिपका,
शेजारी आणखी चार ठिपके, माझे नव्हेत.
म्हणजे ग्वाल्हेरात अजून चार वह्या आहेत.
फार बरं वाटलं.
पेले अजून कुणी उघडलेले नाहीत.

चंदेरी कागदाला कोमट इस्त्री, उलट्या बाजूनं.
चिकटपट्टी वाफेवर सोडवायची, नखानं कधीच नाही.

पुण्याची जाऊ म्हणते, सरळ नको म्हणावं.
ती पुण्याची, तिला जमेल.
(तिला एकदा म्हटलं, बस ना, हा गालिचा मेल्यातून आणलाय.
आमच्याकडे जत्रेला मेलाच म्हणतात.
तिनं पाय वर घेतले.)

पण सुधावन्संनी कमाल केली.
पुरणयंत्र दिलं, घरातलं तिसरं,
आणि झाकणावर नाव घालून दिलं: सुधा.
ठसठशीत. म्हणजे कुठे जायलाच नको.
नऊ वर्षं ते माळ्यावरून माझ्याकडे बघत होतं.
मग शिरढोणकरांच्या धाकट्यानं थाटीपूरला घर बांधलं.
पत्रिका वाचता वाचता मी उठलेच,
चहा तसाच टाकून
दौलतगंजात नाव घालणाऱ्या रमझानीकडे.
टक टक टक, दोन अक्षरं, दहा रुपये.
सुधाला कर लागला.
वास्तुशांतीला सुधाकर शिरढोणकर
झाकण हातात घेऊन पंगतभर फिरला,
बघा, नाव घालून आणलंय! आजकाल कोण करतं एवढं?
मी जिलबीकडे बघत राहिले.

स्वेटरचं मात्र वहीत नाही.
तो इंदुताई पोहरीकरांनी विणला, मोतीबिंदू पिकलेला असताना.
एक बाही कोपरापर्यंत, दुसरी गुडघ्यापर्यंत,
रंग शिळ्या गाजरहलव्याचा.
ह्यांनी घातला एकदाच, वीज गेली होती तेव्हा.
द्यायचा कुणाला? भांडीवालीसमोर टाकला,
म्हटलं, एक गाळणं तरी दे.
तिनं तो माझ्याच खांद्यावर ठेवला,
म्हणाली, थंडी है, अम्मा, पहन लो.

मार्गशीर्षातली दुपार. चार दिवस धुकं हटलेलं नाही,
समोरचा किल्ला कुणी उचलून नेल्यासारखा.
टोक शोधलं आणि ओढलं.
सरसर सरसर सुटत गेलं सगळं,
हुकलेले टाके, मग धड चार ओळी,
मग एका जागी गाठीवर गाठीवर गाठ.
तिथं त्या थांबल्या असणार,
चाचपत, आतल्या खोलीत कुणाला तरी हाक मारत,
आणि कुणी आलं नसणार.
ती गाठ मी कापली नाही. सुईनं सोडवली,
दिवा लागेपर्यंत.

खुर्चीच्या पाठीवर लड्या केल्या, रिठ्यात धुतल्या,
खाली जुनं कुलूप टांगलं, लोकर सरळ व्हावी म्हणून.
खर्च काही नाही.

पायमोजे झाले, दोन जोड. एक ह्यांना.
दुसरा संक्रांतीला इंदुताईंकडे नेला, तिळगुळाच्या डब्यावर ठेवून.
आता त्यांना उजेड तेवढा कळतो.
मोजे मांडीवर घेऊन अंगठा फिरवत राहिल्या,
टाच, घोटा, परत टाच.
मी चपला कुठे काढल्यात ते आठवून ठेवलं.

"धुतल्यावर मऊ पडते ही," म्हणाल्या.
बाहेर कुणाचा तरी पतंग कापला गेला, पोरं ओरडली.
"टाच सैल घातलीस. दोन दिवसांत बसेल खाली.
त्या फळीवर सुया आहेत बघ माझ्या,
आण इकडे."