घडी

बोलणी मोडली ती रात्री पावणेदोनला.
मोडली असं कुणी म्हणालं नाही,
तूर्त थांबली म्हणाले, आणि दोन लिफ्टांनी खाली गेले,
डावीकडचे डावीकडून, उजवीकडचे उजवीकडून.
तेवढं मात्र अकरा दिवस बिनचूक जमलं.

आम्हाला निरोप आला, हॉल रिकामा करा,
सकाळी दहाला इथे दंतवैद्यांचं संमेलन आहे.

मी आणि शौकत परकार.
खिडकीबाहेर मत्रहच्या धक्क्यावरचे दिवे,
त्यामागे काळे, उघडे डोंगर.
आत एकवीस हात लांब टेबल
आणि त्यावरचं पांढरं कापड,
ज्याची इस्त्री अजून शाबूत होती.
इतके ते ताठ बसले.

खजूर आम्हीच मोजून ठेवायचो. सात इकडे, सात तिकडे.
पहिल्या दिवशी एका ताटलीत आठ गेले
तर वरून फोन आला.
पाण्याच्या बाटल्यांची लेबलं सोलायची,
कारण लेबलावर झऱ्याचं चित्र,
आणि झरा कुणाचा, हाच तर वाद.

मधे दुभाषी नजूदबाई.
एक म्हातारा म्हणायचा, ही टेकडी आम्हाला देवाने दिली.
दुसरा म्हणायचा, आम्हालाही त्यानेच.
बाई पलीकडचं अलीकडे आणायच्या.
वाक्य तेच राहायचं,
फक्त तोंड बदलायचं.

चौथ्या दिवशी नकाशा उलगडला.
काहव्याची किटली घेऊन वाकलो तेव्हा दिसली टेकडी,
माझ्या नखाएवढी.
हात हलला, एक थेंब पडला तिच्यावर.
दोन्ही म्हातारे एकदम दचकले.
अकरा दिवसांत एकत्र केलं ते एवढंच.

मी हसायला नको होतं.

आमच्या गावात, गुहागर तालुक्यात, खाडीकडे उतरताना
साडेतीन गुंठ्यांचा तुकडा आहे.
काजूची दोन झाडं आणि एक दगड.
आम्हा भुवडांच्या बाया त्याला शेंदूर लावतात,
परकारांची पोरं गुरुवारी त्यावर हिरवी चादर घालतात.
सातबाऱ्यावर चार नावं, चारही मेलेली.
माझे चुलते म्हणतात, स्वप्नात दृष्टांत झाला.
त्याचे मामू म्हणतात, पीर इथेच टेकले होते.
चिपळूणला एकोणीस वर्षं केस चालू आहे.
काजू तोवर वानरं खातात.

दर महिन्याच्या पाच तारखेला
रुवीतल्या एकाच काउंटरवर आम्ही एकामागे एक उभे राहतो.
मी बारा रियाल आमच्या वकिलाला,
तो बारा रियाल त्यांच्या.
पेन एकच, त्याचं.
पैसे पाठवण्याचं कारण, या रकान्यात
दोघेही लिहितो, कुटुंबखर्च.

एवढ्या लांब कापडाची घडी एकट्याने होत नाही.
त्याने ते टोक धरलं, मी हे.
झटकलं, कडा जुळवल्या,
आणि चालत आलो एकमेकांकडे.
बोटं बोटांना लागली. टोक माझ्या हाती देऊन
त्याने खाली लोंबणारा वाक उचलला, मागे सरला.
पुन्हा. आणि पुन्हा.
शेवटी इतका जवळ
की त्याच्या श्वासातली वेलची मला कळली.

म्हटलं, परकार, सोड ना तो दगड.
तो म्हणाला, तू सोड.

मग बराच वेळ कापड दोघांच्या हातात होतं.

जाताना त्याने दोन्ही ताटल्या एका रुमालात रित्या केल्या,
सवयीने मोजले.
तेरा.
आम्ही टेबलाखाली वाकून पाहिलं, खुर्च्यांच्या फटीत,
राखदाणीत. बी कुठेच नाही.
एक कुणीतरी खाल्ला होता, बीसकट खिशात घेऊन गेला होता.
कुठल्या ताटलीतला,
ते आता कळायला मार्ग नव्हता.

परकारने त्यातले सहा मला दिले,
थोडं थांबून, सातवाही.

परवा पाच तारीख.